शटरवरचा कागद

पॅरिसहून कोणी परत आलं की हल्ली बॅगेतून आयफेल टॉवरची कीचेन निघत नाही. निघते ती फार्मसीची पिशवी. गुलाबी झाकणाची मायसेलर वॉटरची बाटली, थर्मल पाण्याचा स्प्रे, एसपीएफ ५० ची ट्यूब, आणि "हे तिकडे अर्ध्या किमतीत मिळतं" हे वाक्य. सप्टेंबर उजाडला की कुठल्या ना कुठल्या मासिकात हमखास लेख येतो : फ्रेंच लोक महिनाभराच्या सुट्टीवरून इतके टवटवीत कसे परततात? उत्तरादाखल सात-आठ ट्यूबांची यादी.

माझं म्हणणं असं की यादीतल्या वस्तू चांगल्याच आहेत, पण टवटवीतपणाचं कारण त्यात नाही. कारण त्याच फार्मसीच्या शटरवर आहे. ऑगस्टमध्ये दुकान बंद असताना तिथे एक साधा कागद चिकटवलेला असतो. त्या कागदाबद्दल पुढे सांगतोच. आधी ट्यूबचा हिशेब पूर्ण करू, कारण तुमच्यापैकी निम्मे लोक त्यासाठीच वाचताय हे मला माहितीये :-)

फ्रान्समधली फार्मसी म्हणजे आपल्याकडचं कोपऱ्यावरचं 'मेडिकल' नव्हे. दारावर हिरवा क्रॉस लुकलुकत असतो. आत मालक स्वतः फार्मासिस्ट असावा लागतो, तसा कायदाच आहे. एखादी सुपरमार्केट कंपनी उठून फार्मसीची साखळी काढू शकत नाही. कुठल्या गावात किती फार्मसी असाव्यात हेही लोकसंख्येवर ठरतं, पहिल्या फार्मसीला २५०० माणसं. फार्मासिस्टच्या शिक्षणात अळंब्यांचा अभ्याससुद्धा असतो. त्यामुळे रानातून गोळा केलेली टोपलीभर अळंबी घेऊन लोक फार्मसीत जातात आणि विचारतात, "यातली कुठली खाल्ली तर मरणार नाही?" अशा माणसाने "ही क्रीम लाव" म्हटलं की विश्वास बसणारच ना!

यातल्या बऱ्याच ब्रँडांची मुळं खनिज पाण्याच्या झऱ्यांत आहेत. ला रोश-पोझे हे मध्य-पश्चिम फ्रान्समधलं छोटंसं गाव, आव्हेन हे दक्षिणेतलं. गंमत म्हणजे दोन्ही गावांच्या दंतकथेत पहिला पेशंट घोडा आहे. खाज सुटलेला घोडा झऱ्यात उतरला आणि बरा होऊन बाहेर आला. आव्हेनची कथा १७३६ सालची सांगतात, ला रोश-पोझेची तर थेट चौदाव्या शतकातली. घोड्यामागून माणसं आली. आजही त्वचेच्या जुनाट तक्रारींसाठी डॉक्टरने लिहून दिलं तर अशा ठिकाणी अठरा दिवस पाण्याचे उपचार घेता येतात आणि खर्चाचा बराच भाग सरकारी आरोग्य विमा उचलतो. ब्रँड त्यामानाने अलीकडचे. ला रोश-पोझे १९७५ चा, १९८९ पासून लोरिआलच्या मालकीचा. आव्हेनच्या मागे पियेर फाब्र नावाच्या फार्मासिस्टने उभी केलेली कंपनी आहे.

आता मुद्द्याचं. महिनाभर समुद्रावर लोळून आलेल्या त्वचेला ही मंडळी काय लावतात? खरं सांगायचं तर फार कमी. उन्हात असताना सनस्क्रीन. भाजलंच तर बियाफिनसारखं शांत करणारं मलम. परतल्यावर साधा क्लीन्झर आणि बिनवासाचा मॉइश्चरायझर. झालं! थर्मल स्प्रेने गार वाटतं, छान वाटतं, तेवढंच. आणि उन्हाने आत जे नुकसान केलंय ते मागे फिरवणारी ट्यूब हिरव्या क्रॉसखालीही मिळत नाही. त्या यादीतली खरी मौल्यवान वस्तू एकच, सनस्क्रीन, आणि ती जाताना लावायची असते, आल्यावर नाही. बायोडर्मा, आव्हेन वगैरे आता इथेही मिळतं. मुंबईच्या दमट हवेत त्यातलं निम्मं लागतही नाही. तेव्हा ट्यूबचा हिशेब संपला.

मग तो टवटवीतपणा येतो कुठून? त्यासाठी १९३६ मध्ये जायला लागतं.

त्या वर्षी मे महिन्यात फ्रान्समध्ये पॉप्युलर फ्रंट ही डाव्या पक्षांची आघाडी निवडून आली आणि लेऑन ब्लूम पंतप्रधान होण्याआधीच कारखान्यांत संपांची लाट उसळली. कामगारांनी कारखाने आतूनच ताब्यात घेतले, यंत्रांच्या शेजारी पत्ते खेळले, अकॉर्डियन वाजवून नाच केले. जूनमध्ये समझोता झाला, आणि २० जूनच्या कायद्याने प्रत्येक कामगाराला वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. त्याआधी अशी रजा सरकारी नोकर आणि काही नशीबवान लोकांपुरतीच होती. क्रीडा आणि विरंगुळा खात्याचा तरुण उपमंत्री लेओ लाग्रांज याने रेल्वेकडून वार्षिक सुट्टीचं खास तिकीट काढून घेतलं, ४० टक्के सवलतीचं. त्या उन्हाळ्यात हजारो कामगारांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. बाकीचे सायकलवर, टँडेमवर तंबू बांधून निघाले.

आणि याच सुमाराला बाजारात आंब्र सोलेर नावाचं तेल आलं, उन्हात न भाजता सावळं होण्यासाठी. ते काढलं लोरिआलचे संस्थापक केमिस्ट युजेन श्युलेर यांनी. हे श्युलेर राजकारणात टोकाचे उजवे, कागूल नावाच्या हिंसक गुप्त संघटनेला पैसे पुरवणारे. म्हणजे बघा, डाव्या सरकारने कामगाराला समुद्रावर पाठवलं आणि त्याच्या पाठीला लावायचं तेल विकलं कट्टर उजव्याने. सुट्टी आणि त्वचेची बाटली ही जोडी तेव्हापासूनची. पण क्रम लक्षात घ्या. आधी रजेचा कायदा, मग बाटलीची गिऱ्हाइकं. आपण मासिकं वाचून हा क्रम उलटा लावतो.

पुढे रजा वाढत गेली. १९५६ ला तिसरा आठवडा, १९६९ ला चौथा, १९८२ ला मितराँच्या काळात पाचवा. आज हिशेब असा आहे की काम केलेल्या प्रत्येक महिन्याला अडीच दिवस, म्हणजे वर्षाला तीस दिवस. रविवार सोडून मोजले की पाच आठवडे. मला त्यातला सगळ्यात आवडलेला नियम वेगळाच आहे. मे ते ऑक्टोबरच्या दरम्यान निदान बारा दिवस सलग घ्यावेत, म्हणजे पूर्ण दोन आठवडे, असं कायदा सांगतो. शुक्रवार-सोमवार जोडून चार लाँग वीकेंड केले की सुट्टी झाली, हे आपलं गणित तिथे चालत नाही. मेंदूतून ऑफिस बाहेर पडायलाच पहिले चार-पाच दिवस जातात, हे कायदा लिहिणाऱ्याला ठाऊक असावं.

आता ऑगस्ट कसा चालतो ते बघू. जुलैत सुट्टी घेणाऱ्यांना 'झुइएतिस्त' आणि ऑगस्टात घेणाऱ्यांना 'आऊस्यँ' असे चक्क शब्द आहेत. जुलै संपताना एक फौज परतत असते आणि दुसरी निघत असते, तेव्हा हायवेवर जे होतं त्यासाठी सरकारने १९७६ पासून बिझाँ फ्युते म्हणजे 'हुशार गवा' नावाची सेवा ठेवली आहे. ती प्रवासाच्या दिवसांना रंग देते : हिरवा, नारिंगी, लाल आणि काळा. काळा म्हणजे घरीच बसा. पॅरिसच्या निवासी भागात दुकानांवर 'वार्षिक सुट्टी' अशा पाट्या लटकतात. आणि सप्टेंबरमध्ये येतं ते 'रांत्रे', म्हणजे परतणं. शब्द शाळेचा, पण परततात सगळेच : ऑफिसं, संसद, नाटकं. प्रकाशकसुद्धा कादंबऱ्यांचा मोठा गठ्ठा याच हंगामासाठी राखून ठेवतात.

मी एका फ्रेंच क्लायंटच्या प्रोजेक्टवर काही वर्षं काम केलं. पहिल्या ऑगस्टात आमची टीम हैराण. मेल टाकला की उलट टपाली आपोआप उत्तर : मी २४ तारखेपर्यंत नाही. दुसऱ्याला टाकला, तोही नाही. आमच्याकडे कुजबुज सुरू, "यांचं बरंय बुवा, आम्ही इथे मरतोय." पण त्या उत्तरात पहिल्या ओळीखाली दुसरी ओळ असायची : तातडीचं असेल तर अमुक माणसाशी बोला, त्यांना विषय माहीत आहे. आणि त्या माणसाला खरंच माहीत असायचं! जुलैच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी बसून हँडओव्हर केलेला असायचा. जो गेला त्याला फोन करायची वेळ आमच्यावर एकदाही आली नाही.

तर हाच तो शटरवरचा कागद.

फ्रान्समध्ये फार्मसी बंद असते तेव्हा जवळची कुठली उघडी आहे ते दारावर लावलेलं असतं. रात्री, रविवारी, सणासुदीला आळीपाळीने एक फार्मसी सेवेला असते. तिला 'फार्मासी द गार्द' म्हणतात, म्हणजे पहाऱ्यावरची फार्मसी. कुठली ते ३२३७ या नंबरवर विचारता येतं. मालक फार्मासिस्ट रजेवर गेला तर दुकान नुसत्या नोकराच्या भरवशावर उघडं ठेवता येत नाही, त्याच्या जागी दुसरा फार्मासिस्टच उभा करावा लागतो. पावाचंही तेच. पॅरिसमध्ये बेकऱ्यांची जुलैत सुट्टी घेणाऱ्या आणि ऑगस्टात घेणाऱ्या अशी सक्तीची विभागणी असायची, म्हणजे कुठलाच मोहल्ला पावाविना राहू नये. ही सक्ती २०१५ च्या उन्हाळ्यापासून गेली, पण विचार बघा. बेकरीवाल्याने सुट्टी घ्यायचीच, आणि गिऱ्हाइकाला पाव मिळायचाच. दोन्ही अटी एकदम पाळायच्या तर मग वेळापत्रक लागतं. निव्वळ सद्भावनेवर भागत नाही.

आपल्या धंद्यातला कोणीही हे लगेच ओळखेल. एखादा सर्व्हर बंद ठेवायचा असेल तर आधी ट्रॅफिक दुसरीकडे वळवतो ना आपण? मशीनसाठी हे करायला आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. माणसासाठी मात्र म्हणतो, "जा ना बिनधास्त, फक्त लॅपटॉप जवळ ठेव." ही रजा नव्हे. हे समुद्राजवळचं वर्क फ्रॉम होम झालं. चेहऱ्यावर कितीही महागाची क्रीम थापली तरी त्याने काही होत नाही, कारण थकवा त्वचेत नसतो. तो असतो खिशातला फोन कधीही वाजेल या धास्तीत.

आता तुम्ही म्हणाल, फ्रान्सचं फार कौतुक चाललंय. थांबा. हा कागद लावायला विसरलं तर काय होतं, याचा धडासुद्धा फ्रान्सनेच दिला आहे.

ऑगस्ट २००३. पहिले दोन आठवडे युरोपात भयानक उष्णतेची लाट आली. फ्रान्समध्ये त्या महिन्यात नेहमीपेक्षा सुमारे १५,००० माणसं जास्त दगावली, त्यात बहुतेक म्हातारी आणि बरीचशी एकटी राहणारी. मुलं समुद्रावर, शेजारी समुद्रावर, फॅमिली डॉक्टर रजेवर. हॉस्पिटलांनी ऑगस्ट म्हणून खाटा कमी केलेल्या, वृद्धाश्रमात माणसं कमी. इमर्जन्सीतल्या डॉक्टरांनी टीव्हीवर येऊन ओरडून सांगितलं. आरोग्यमंत्री झाँ-फ्रान्स्वा मात्तेई दक्षिणेतल्या सुट्टीच्या घरातून, पोलो टी-शर्ट घालून, परिस्थिती हाताबाहेर नाही असं टीव्हीवर सांगत होते. राष्ट्राध्यक्ष शिराक कॅनडात सुट्टीवर. आरोग्य खात्याच्या प्रमुखाला राजीनामा द्यावा लागला. शवागारं पुरेनात म्हणून पॅरिसजवळच्या रँझीसच्या घाऊक बाजारात शीतगृहाची जागा घ्यावी लागली. आणि ३ सप्टेंबरला, म्हणजे ऐन रांत्रेत, कोणीही न्यायला न आलेल्या ५७ जणांचं तिए इथल्या दफनभूमीत दफन झालं. शिराक तिथे हजर होते.

माणसं उष्णतेने मेली, रजेने नाही, हे खरंच. पण अख्खा देश एकदम उठून गेला आणि मागे कोण राहिलं हे कोणाच्याच वहीत नव्हतं, हेही तितकंच खरं.

यानंतर फ्रान्सने काय केलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. ऑगस्ट रद्द केला नाही. "आता सगळ्यांनी फोन चालू ठेवा" असंही म्हटलं नाही. २००४ च्या कायद्याने एकट्या राहणाऱ्या वृद्धांची नोंदवही ठेवणं नगरपालिकांवर सोपवलं, म्हणजे उन्हाळा चढला की त्यांना फोन करता येतो, कोणी जाऊन बघता येतं. उष्णतेसाठी राष्ट्रीय आराखडा बनवला. आणि एक 'एकजुटीचा दिवस' ठरवला. वर्षातला एक दिवस नोकरदारांनी जादा पगाराशिवाय काम करायचं, मालकांनी ०.३ टक्के वर्गणी भरायची, आणि तो पैसा वृद्ध आणि अपंगांच्या देखभालीसाठी. लोकांनी या दिवसाला शिव्या खूप घातल्या, अजूनही घालतात. पण भाव कळतो : माझ्या पाच आठवड्यांची किंमत कोणीतरी मोजतंय, तर त्यातला एक दिवस मी त्याला देतो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. फ्रान्समध्येही सगळे जात नाहीत. दहापैकी साधारण चार जण वर्षभरात सुट्टीसाठी घराबाहेर पडतच नाहीत, आणि त्यातल्या अनेकांचं कारण पैसा हे असतं. समुद्रावरच्या हॉटेलात तुमची चादर बदलणारी बाई ऑगस्टात कामावरच असते. त्यामुळे 'फ्रेंच लोक' म्हणून जे मासिकात दिसतात ते कुठल्या गटातले, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

आता आपलं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात आठ दिवस किरकोळ रजा आहे, आणि वर्षात २४० दिवस भरले की दर वीस दिवसांना एक दिवस भरपगारी रजा. आयटी कंपन्या बहुधा थोडी जास्तच देतात. म्हणजे कागदावर दोन आठवडे सलग घेण्याइतकी रजा आपल्यापैकी बहुतेकांकडे आहे. पण आपण ती साठवतो. कायद्यानेच ४५ दिवसांपर्यंत साठवता येते, आणि कोणाचे किती दिवस शिल्लक आहेत हे कॅंटीनमध्ये अभिमानाने सांगितलं जातं. मला तो आकडा ऐकला की थकलेल्या टेक्निकल डेटची आठवण येते. वाढतोय म्हणून खूश व्हावं असा तो आकडा नाही.

आणि आपल्याला हे जमतच नाही असंही नाही. गणपतीत कोकणात जाणारा चाकरमानी बघा. त्याच्या साहेबाला जून-जुलैपासून माहीत असतं की हा त्या दिवसांत नाही. गाडीचं रिझर्वेशन झालेलं असतं, कामं आधीच वाटलेली असतात, आणि आरतीच्या वेळी त्याला फोन करायची कोणाची शामत नसते. त्याच्या रजेला सगळ्यांची मान्यता असते, म्हणून ती खरी रजा होते. फ्रेंचांनी नेमकं हेच कायद्याने आणि सवयीने अख्ख्या देशासाठी केलंय. आपण एका सणापुरतं केलंय.

देशाचा कायदा बदलणं तुमच्या-माझ्या हातात नाही. टीमचा कागद मात्र आहे. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाने दोन सलग आठवडे कॅलेंडरवर टाकायचे, सगळ्यात सीनियर माणसाने सगळ्यात आधी, कारण तो गेला नाही तर बाकीचे जाणार नाहीत. जाण्याआधी दोन दिवस हँडओव्हर, मेलच्या उत्तरात एका माणसाचं नाव, आणि ते नाव टाकण्याआधी त्या माणसाला विचारणं. जो मागे राहून सांभाळतो त्याचा पुढचा नंबर पक्का. परतल्यावर पहिला दिवस मीटिंगविना. यात एक रुपयाही खर्च नाही. तरी हे होत नाही, कारण अनेक मॅनेजरांना (आणि खरं तर अनेक इंजिनियरांनाही) आपल्यावाचून अडतं ही भावना सुखावते. माझ्या मते ज्या टीमचं एका माणसावाचून दोन आठवडे अडतं, ती टीम नीट बांधलेलीच नाही, आणि त्या माणसाने याचा गर्व करण्यापेक्षा चिंता करावी.

असो. पॅरिसला गेलात तर ट्यूब जरूर आणा, मलाही एक सनस्क्रीन आणा. पण ऑगस्टात गेलात तर एखाद्या बंद फार्मसीसमोर दोन मिनिटं थांबा आणि शटरवरचा तो कागद वाचा. फ्रेंच येत नसलं तरी पत्ता कळेलच. आणि इथे परतल्यावर तुमच्या पुढच्या रजेच्या कागदावर कोणाचं नाव आहे, ते तिकीट काढायच्या आधी ठरवा.